काळं कापड ओटीत येत नाही

मी आयुष्यात कुणाला साईड दिली नाही, असं आमच्या रस्त्याला लोक अजून बोलतात. बोलू देत. त्यातलं निम्मं खरं आणि निम्मं खोटं. जे खोटं आहे ते मीच पसरवलेलं आहे.

शाळा माझी तिसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की हात थांबतो. सून म्हणाली, मामा, लिहून झालं की द्या, मी शुद्धलेखन बघते. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मी नको म्हटलं. तरी तिने बघितलं असणार, कारण मी न दिलेल्या वेलांट्या मला वहीत दिसतात. असो.

गोष्ट झेंड्यांची आहे. झेंड्यांशी माझी ओळख पोफळीची. तरुणपणी मी तिथे कोयनेच्या प्रकल्पावर डंपर चालवायचो. डोंगराच्या पोटात बोगदे चालले होते. सुरुंग उडवायच्या आधी एक माणूस तांबडा झेंडा घेऊन उभा राहायचा. तांबडा दिसला की असशील तिथे थांब. हिरवा दिसला की चल. दोनच झेंडे. त्या दोन झेंड्यांवर मी सहा वर्षं काढली आणि धडधाकट बाहेर आलो. धडधाकट म्हणायचं आपलं. डावा कान तिथेच राहिला. सुरुंग लांब उडायचा, पण बोगद्यात आवाजाला जायला दुसरी वाट नसते. तो माणसाच्या कानातून जातो.

तिथून घरी आलो तेव्हा चार पैसे साठवून जुनी जीप घेतली. आमची वाडी सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या पलीकडे, रत्नागिरीपासून तासाभरावर. वाडीतली माणसं भरायची, शहरात सोडायची, दुपारी परत आणायची. एसटी दिवसाला दोन, त्यातली एक कधी यायची नाही. त्यामुळे माझ्या जीपला मान होता. पंचवीस वर्षं तो रस्ता मी केला. कुठल्या वळणावर पावसाळ्यात जांभ्याचा दगड सुटतो, कुठल्या दगड रचलेल्या गडग्यावरून बैल उडी मारतो, ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

त्या पंचवीस वर्षांत डाव्यामागोमाग उजवा कानही अर्धा गेला. एकदम गेला नाही. विहिरीचं पाणी उतरतं तसा गेला. रोज बघणाऱ्याला कळत नाही. ड्रायव्हर बसतो उजवीकडे आणि माणसं बसतात त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे माझ्या मेलेल्या कानाशी. ती बोलायची आणि मी समोर बघायचो. लोक म्हणायला लागले, फार तोऱ्याचा ड्रायव्हर आहे, विचारलेल्याला उत्तर देत नाही. उतरायचं असलं की मागचा माणूस पत्र्यावर थाप मारायचा. ती थाप मला स्टिअरिंगमधून हाताला कळायची, म्हणून गाडी बरोबर थांबायची आणि कुणाला संशय यायचा नाही. मागून हॉर्न वाजला तर मात्र हाताला काही कळत नाही. आरसा होता, पण तो पत्र्याबरोबर थरथरायचा. त्यात दिसायची फक्त धूळ.

मागचे लोक पुढे येऊन शिव्या द्यायचे. मी म्हणायचो, नाही दिली साईड. माझ्या पुढे जायचं कारण काय? माजोरडा म्हटलेलं मला चालायचं. बहिरा म्हटलेलं चाललं नसतं. बहिऱ्याच्या गाडीत कोण बसतो?

हे असं किती वर्षं चाललं असतं, देवाला ठाऊक. पण दोन हजार सालानंतर एका सकाळी माझ्या मागे एक रिक्षा लागली. रिक्षात अडलेली बाई होती. शेजारच्या कोंडातला, पलीकडच्या वस्तीतला रिक्षावाला तिला सिव्हिलला नेत होता. सड्यावरचा रस्ता एका गाडीपुरताच, दोन्ही बाजूंना गडगे. दोन मैल तो माझ्या मागे हॉर्न मारत होता. शेवटी रस्ता रुंद झाला तिथे तो माझ्या बाजूने गेला. जाताना त्याचं तोंड उघडं होतं आणि हात वर होता. मला वाटलं, नेहमीचीच शिवी. मागे बसलेल्या बाईचं तोंड मात्र मला नीट दिसलं.

बाई सुटली, सुखरूप सुटली. मुलगी झाली. पण संध्याकाळी रिक्षावाला स्टँडवर चार माणसांत मला म्हणाला, "म्हातारबा, आज काही झालं असतं तर तुझ्या दारात आणून ठेवली असती तिला."

मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. मी म्हणालो, "लवकर निघायचं होतं."

त्या वेळी माझा मुलगा घरीच होता. लोट्याला केमिकलच्या कंपनीत तो शिफ्टमध्ये कामाला होता. कंपनीने माणसं कमी केली, त्यात तो आला. रिक्षावाल्याचं बोलणं त्याच्या कानावर गेलं. जेवताना तो खाली बघत म्हणाला, "बाबा, गाडी मला द्या. तुम्हाला ऐकायला येत नाय."

मी पाटावरून उठलो. तुझी नोकरी गेली म्हणून माझी सुटायला हवी काय, असं त्याला बोललो. मला ऐकू येतं, चांगलं येतं, मीच साईड देत नाही, हेही बोललो. सून स्वयंपाकघराच्या दारात होती. तीन दिवस घरात कुणीच फारसं बोललं नाही. मला ते तसं सोयीचंच होतं.

चौथ्या दिवशी स्टँडवर कागद लागला. शहरातल्या गॅरेजवाल्यांनी मिळून आमच्या सड्यावर जीपगाड्यांची शर्यत ठेवली होती. भात कापून झालं होतं, गवत वाळलं होतं, सडा कातळासकट उघडा पडला होता. चुन्याने वाट आखायची, वळणांना टायर मांडायचे, आठ फेऱ्या मारायच्या. कोल्हापूरकडे असल्या शर्यती होतात म्हणे. तिकडचा एक माणूस झेंड्यांची पिशवी घेऊन येणार होता.

घरी आलो आणि मुलाला म्हटलं, "मी शर्यतीत उतरतो. पोरांच्या बरोबरीने आठ फेऱ्या पुऱ्या केल्या, तर चावी माझ्याकडे. नाहीतर तुझी. मग पुन्हा विषय काढायचा नाही, तूही आणि मीही."

त्याला ते पसंत नव्हतं. ही काय रीत झाली, असं तो म्हणाला. पण माझा हेका त्याला माहीत होता. शेवटी म्हणाला, "बरं. नंबर पहिला हवा काय?"

"पहिला नाय तरी चालेल. पुऱ्या करायच्या."

नाव दिलं तेव्हा त्यांनी मला नियमांचा छापील कागद दिला. दोन्ही बाजूंनी बारीक छापलेला. मी तो चष्मा लावून त्यांच्यासमोर वरपासून खालपर्यंत बघितला, पानसुद्धा उलटलं आणि घडी घालून खिशात ठेवला. घरी आल्यावर सुनेने शर्ट धुवायला घेताना तो काढला. तिने तो उभ्यानेच वाचून काढला. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर ती ट्रंक घेऊन ओटीवर आली आणि म्हणाली, "मामा, जरा बसा. मला ही कापडं लावायचीत. लावता लावता तुम्हाला झेंडे सांगते."

त्या ट्रंकेत ओटीतली कापडं होती. बाईची ओटी भरताना नारळ, तांदूळ यांच्याबरोबर ब्लाउजपीस देतात. तो ती शिवत नाही, पुढच्या बाईला देते. ती तिसरीला. दोन वर्षांनी तोच पीस गाव फिरून आपल्या घरी येतो. आमच्या घरात असे पन्नासएक तरी असतील. घराच्या ओटीवर बसून सून ओटीतले झेंडे काढायला लागली.

हिरवा काढला. हा दाखवला की सुटायचं. पिवळा काढला. पुढे काही अडचण आहे, गाडी बंद पडली असेल, दगड आला असेल. हळू व्हायचं आणि कुणाच्या पुढे जायचं नाही. तांबडा काढायला लागली तेव्हा मी म्हटलं, तो ठेव, तो मला माहीत आहे. तिने माझ्या खांद्यावरचा चौकड्याचा पंचा ओढून घेतला आणि म्हणाली, हा दिसला की शर्यत संपली.

मग तिने निळा काढला. चांगला निळा होता, निरभ्र दिवसात समुद्र असतो तसा. "हा महत्त्वाचा," ती म्हणाली. "हा दाखवला म्हणजे मागून कोणी जोरात येतंय. तुम्हाला ऐकायला..." आणि थांबली. कापडाची घडी नीटच होती, ती तिने मोडली आणि पुन्हा घातली. "तुम्हाला आरशात दिसत नसेल, म्हणून ते दाखवतात. साईड द्यायची, मामा."

मी "बरं" म्हटलं. हिला केव्हापासून माहीत आहे, हा विचार माझ्या मनात आला. तो मी तिथेच सोडला.

"एक राहिला, काळा," ती ट्रंकेत हात घालून म्हणाली. हिरवे, पिवळे, जांभळे, लिंबाच्या रंगाचे, सगळे वरखाली केले. काळा नव्हता.

"सापडेल कसा? ओटीत काळं कोण घालतं?" मी म्हटलं.

"छत्री आणते, थांबा."

"बस गो. काळे झेंडे मला ठाऊक आहेत. मंत्री आला की दाखवतात."

ती हसली. मीही हसलो. तीन दिवसांनी घरात कोणी हसलं होतं, म्हणून बरं वाटलं. तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला आणि ती धावली. काळा झेंडा राहिला तो राहिलाच. निळं कापड मी खिशात टाकलं. का टाकलं, ते तेव्हा माझं मलाच कळलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सड्यावर एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती. आंबेवाल्या बागायतदारांपासून मास्तरांपर्यंत सगळे. कोकम सरबताची हातगाडी, भज्यांची कढई. सहा जीप होत्या. माझ्या दारावर चुन्याने सात लिहिला. सहा गाड्यांत सातवा नंबर कसा, विचारलं, तर म्हणाले, एक जण आलाच नाही. बाकीचे पाचही ड्रायव्हर माझ्या मुलाच्या वयाचे किंवा त्याहून लहान. एक जण म्हणाला, "आजोबा, सीटला उशी घेतलीत ना?" मी म्हटलं, "घेतलेय. तू हरलास की तुला देतो रडायला."

सुरुवातीला कोल्हापूरच्या माणसाने सगळ्यांना गोळा करून भोंग्यावरून नियम सांगितले. मोठ्या पोटाचा, पांढरी टोपी घातलेला गृहस्थ. एकेक झेंडा उचलून दाखवत होता. भोंगा, वारा आणि माझा कान. माझ्यापर्यंत भुंग्यासारखी गुणगुण येत होती. इतर मान हलवत होते तशी मीही हलवली. काळा उचलून तो बराच वेळ बोलला, हे मी बघितलं. मला वाटलं, या भागात निदर्शनं होतात, त्याबद्दल काही सांगत असेल.

मग डोक्यावर हेल्मेट चढवलं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि उरलेला अर्धा कानही बंद झाला. इंजिन चालू केलं ते पायाला कळलं. बाकी सगळं गप्प. खरं सांगू का, मला फार बरं वाटलं. आता कोणी बोलेल आणि मला ऐकू आल्याचं सोंग करावं लागेल, ही धास्ती नाही. समोर तांबडी वाट, दोन्हीकडे चुन्याच्या रेघा, वळणावळणाला एक माणूस हातात झेंडे घेऊन. जे सांगायचं ते कापडाने सांगणार होते.

हिरवा पडला आणि मी सुटलो. पोरं पहिल्या वळणाला एकमेकांना अडवत बसली. मी आतल्या बाजूने निघालो. माझा सगळा जन्म जांभ्यावर गेला. कातळावर ब्रेक कुठे मारायचा ते मला शिकायची गरज नव्हती. पहिली फेरी संपली तेव्हा माझ्यापुढे एकच गाडी होती. मुलगा चुन्याच्या रेघेपाशी उभा होता. हात छातीवर बांधलेले.

तिसऱ्या फेरीला खालच्या वळणावर मला निळा दिसला. झेंडेवाला माझ्याकडे बघून हलवत होता. आरशात बघितलं तर धूळ. मागे कोणीच नाही, मग साईड कुणाला देऊ? माणूस चुकला, म्हटलं. पुढच्या वळणाला पुन्हा निळा. दोन माणसं सारखीच कशी चुकतील, हा विचार मनाला शिवला आणि मी वळून बघितलं. धुळीत एक जीप होती. माझ्या मागच्या पत्र्याला नाक लावून. पुढचे दिवे सारखे उघडझाप करत होती.

तिथे साईड द्यायला हवी होती. सुनेने सांगितलं होतं, मला कळलंही होतं. पण पंचवीस वर्षांची सवय पायात असते. मी मधली वाट धरली आणि पाय दाबला. चौथ्या फेरीला निळा, पाचव्या फेरीला निळा. मी त्या झेंडेवाल्याकडे बघायचंच बंद केलं.

सहाव्या फेरीला सुरुवातीच्या रेघेपाशी कोल्हापूरचा माणूस स्वतः उभा होता. एका हातात काळा झेंडा, दुसऱ्या हातात फळी. फळीवर माझा सात.

माझ्या लगेच लक्षात आलं. साईड दिली नाही म्हणून निषेध. नाव घेऊन, म्हणजे नंबर घेऊन निषेध. राग आला नाही, उलट छाती फुगली. मंत्र्यांना दाखवतात ते आज मला दाखवत होते. मंत्री काय करतो? खाली मान घालत नाही. मी एक हात बाहेर काढला आणि लोकांकडे बघून हलवला. लोक ओरडले, हे त्यांच्या तोंडांवरून कळलं. सातव्या फेरीला तो माणूस काळा झेंडा घेऊन जवळजवळ वाटेवर आलेला. मी पुन्हा हात हलवला. या वेळी जरा नमस्कारासारखा.

आणि मग सगळीकडे तांबडे झेंडे वर गेले.

तांबडा मला पोफळीने शिकवलेला. मी होतो तिथे ब्रेक मारला, गिअर काढला, इंजिन बंद केलं. एक फेरी उरली होती. आपण कोणाला तरी चिरडलं की काय, असं वाटून मी खाली उतरलो आणि गाडीखाली बघितलं. तिथे काही नव्हतं. हेल्मेट काढलं. कोल्हापूरचा माणूस पोट सावरत माझ्याकडे येत होता. त्याच्यामागे माझ्या मागच्या जीपचा पोरगा, आणि त्यांच्यामागे माझा मुलगा. तो माणूस अगदी समोर येऊन उभा राहिला. त्यामुळे त्याचं सगळं मला ऐकू आलं, काही कानाने आणि काही ओठांवरून.

"आजोबा, काळा झेंडा दिसला न्हाई व्हय?"

"दिसला की. तुमचा निषेध पोचला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. बाजूची माणसं हसायला लागली. ती हसणं पुढच्यांना सांगायला लागली. सबंध सड्यावर ते हसणं वणव्यासारखं पसरताना मी बघत उभा राहिलो. त्याने डोळे पुसत मला समजावलं. काळा झेंडा आणि नंबर म्हणजे शर्यत सोडून बाहेर यायचं. निळा पुन्हा पुन्हा दाखवूनही मी साईड दिली नाही, म्हणून बोलावत होते. आलो नाही, म्हणून सगळ्यांना थांबवावं लागलं.

मागच्या जीपचा पोरगा मात्र हसत नव्हता. घामाने तांबडी धूळ त्याच्या तोंडावर चिखलासारखी झाली होती. "चार फेऱ्या हॉर्न मारतोय मी. चार. ऐकायला येत नाही काय तुम्हाला?"

माझ्या मुलाने माझ्याकडे बघितलं. चावीचा प्रश्न तिथेच सुटत होता. त्याने फक्त हो म्हणायचं होतं, एवढी माणसं साक्षीला होती. तो पुढे झाला आणि त्या पोराला म्हणाला, "त्यांना काळ्या झेंड्याचं कुणी नीट सांगितलं नव्हतं. चूक आमच्याकडून झाली. तू त्यांना बोलू नकोस."

कोल्हापूरचा माणूसही म्हणाला, "हॉर्नला हितं काय किंमत न्हाई, बाळा. इंजनाच्या दणक्यात आन् त्या टोपड्यात कुणालाच काय ऐकू येत न्हाई. हितं समदेच बहिरं असत्यात. म्हणून तर झेंडं."

समदेच बहिरे. मला माझ्या कानाबद्दल एवढं सोपं कुणी कधी बोललं नव्हतं. दोघांनी मिळून मला वाट करून दिली होती. मी मान ताठ ठेवून बाहेर पडू शकलो असतो, आणि उद्या पुन्हा जीप घेऊन स्टँडवर उभा राहिलो असतो. पण मघाशी वळून बघितलं तेव्हा पत्र्याला नाक लावलेली जी गाडी दिसली होती, ती डोळ्यांपुढून जात नव्हती. एवढ्या जवळ गाडी होती आणि मला पत्ता नव्हता. ती रिक्षाही दोन मैल एवढीच जवळ असणार.

मी म्हटलं, "मी इथून बाहेर गेल्यावरही बहिराच असतो. डावा कान पुरा गेलाय, उजवा अर्धा."

कुणी हसलं नाही. त्या पोराने नजर खाली घातली. काकडी खाताना कडू लागली की माणूस तोंड करतो, तसं मुलाने केलं. त्याच्या लहानपणापासून मी ते तोंड ओळखतो. रडू येत असलं की तो तसं करायचा. मी चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"एक फेरी राहिली तुमची," तो म्हणाला.

"राहू दे. ठरलं ते ठरलं."

माझी गाडी बाजूला काढली आणि उरलेल्या पाच जणांची शर्यत पुन्हा सोडली. कोण जिंकलं ते मला आठवत नाही. मी कोकम सरबत पीत निळ्या झेंड्याकडे बघत होतो. झेंडा हलला की पुढची गाडी बाजूला व्हायची, मागची निघून जायची. बाजूला झालेल्याचं काही कमी होत नव्हतं. तो तसाच पुढे जात होता. हे मला साठाव्या वर्षी बघायला मिळालं.

घरी येताना मुलाने गाडी चालवली. मी पुढे बसलो नाही, मागच्या बाकावर बसलो. आम्ही घरी पोचायच्या आधीच सुनेला सगळं कळलं होतं. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "चूक माझी, मामा. छत्री आणायला हवी होती." मी म्हटलं, छत्री आणली असतीस तरी मी ती उघडू दिली नसती.

दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर स्टँडवर गेलो. रिक्षावाला तोंड फिरवून बसला होता. एवढं सोपं काम मला शर्यतीपेक्षा अवघड गेलं. समोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, त्या दिवशी मी अडवलं नाही, मला ऐकूच आलं नाही. मला ऐकू येत नाही.

त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "मग बोलायचं ना तसं. एवढ्या शिव्या फुकट गेल्या माझ्या." आणि सीटवरची पिशवी उचलून मला बसायला जागा केली. मुलगी बरी आहे, रात्रभर रडते, आई-बापाला झोपू देत नाही, असं त्याने सांगितलं. हे तो माझ्या उजव्या बाजूला वाकून, मोठ्याने बोलला. सगळ्या स्टँडला ऐकू गेलं.

त्यानंतर बरीच वर्षं मी रोज सकाळच्या फेरीला जीपमध्ये जायचो. काम काही नसायचं. मागच्या बाकावर टोकाला, मागे तोंड करून बसायचो. निळं कापड खिशात असायचं, पण ते कधी काढलं नाही. कुणाची ओटी भरायची असली की सून ते मागायची आणि मी नाही म्हणायचो. सड्यावरच्या अरुंद रस्त्याला मागून रिक्षा किंवा टेम्पो आलेला दिसला की मी पत्र्यावर एक थाप मारायचो. मुलाचे कान चांगले आहेत. त्याला हॉर्न माझ्याआधी ऐकू गेलेला असायचा. तरी तो थाप पडेपर्यंत थांबायचा आणि मग साईड द्यायचा.